निळ्या पंखावरचा डाग

माझा धाकटा भाऊ रविवारी यायचा तो जेवायलाच यायचा, आणि भाजी काय केली ते दारातूनच विचारायचा. त्या रविवारी त्याने काही विचारलं नाही. चपला काढून सरळ आत आला, शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आक्का, तुझं भिंग घरी हाय का?"

मी तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत एका छापखान्यात कामाला होते. बियाण्यांच्या कंपन्यांची खोकी तिथे छापली जायची. माझं काम तपासणीचं. मशीनमधून पडणाऱ्या गठ्ठ्यातला मधूनमधून एक ताव उचलायचा, उजेडाला धरायचा, भिंगातून ठिपके बघायचे आणि रंग सरकला असेल, डाग पडला असेल तर मशीनवाल्याला सांगायचं. बारा वर्षं हेच केल्यामुळे भिंग माझ्या पर्समध्येच असायचं, चष्म्यासारखं.

भाऊ नवीन जालन्यात एका बँकेत कारकून. तेहतीस वर्षांचा, लग्न ठरत नव्हतं, आणि त्याला एकच नाद होता. शाळेत असल्यापासून तो पत्ते जमवायचा. जुगाराचे नव्हेत, परदेशातल्या एका खेळाचे, चित्रविचित्र प्राण्यांचे, चकचकीत. लहानपणी आम्ही त्याला हसायचो. पुढे त्यानेच समजावून सांगितलं, की यातले काही पत्ते इतके कमी छापलेत, की पुण्या-मुंबईचे लोक ते मोटारसायकलच्या भावाने घेतात. फोनवर अशा लोकांचा एक ग्रुप होता. तिथे खरेदी, विक्री, भांडणं, सगळं चालायचं.

रुमालात तसाच एक पत्ता होता, जाड प्लास्टिकच्या डबीत. निळे पंख असलेला मासा लाटेतून वर उडी मारतोय, असं चित्र.

"कवा घेतलास?"

"झाले आठ दिवस. तू फक्त बघ. ग्रुपवर एक जण म्हणून राह्यला की असले नकली लई आलेत."

किती दिले ते मी विचारलं आणि त्याने सांगितलं. दोन वर्षांपासून तो नवी गाडी घेणार होता आणि जुन्यावरच बँकेत जात होता. आता ती गाडी माझ्या ओट्यावर, रुमालावर पडली होती.

"हात धुऊन घे," तो म्हणाला. मी धुतले, पुसले आणि खिडकीशी बसले. त्याला म्हटलं, याच खेळाचा एखादा नक्की खरा पत्ता दे, स्वस्तातला का असेना, पण तू स्वतः पाकीट फोडून काढलेला. तो तयारीनेच आला होता. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले.

चित्राकडे मी पहिल्यांदा बघतच नाही. चित्र फसवतं. मी आधी अक्षरं बघते. खऱ्या पत्त्यावरचं बारीक अक्षर भिंगाखाली काळं कुळकुळीत होतं, सुरीने कापल्यासारखा त्याचा काठ. निळ्या माशाच्या पत्त्यावरचं अक्षर भिंगाजवळ आलं तसं फुटलं. काळ्याच्या कडेला गुलाबी, पिवळे, निळे ठिपके सांडलेले. खरा छापणारा काळं अक्षर वेगळं, एकाच काळ्या शाईत छापतो. ज्याच्याकडे मूळ फिल्म नसते तो तयार पत्त्याचाच फोटो काढतो, आणि मग अक्षरसुद्धा चित्रासारखं ठिपक्यांनी छापलं जातं. मग मोबाइलची बॅटरी लावून दोन्ही पत्ते उजेडासमोर धरले. खऱ्या पत्त्याच्या पोटात एक गडद थर असतो, त्याने उजेड अडवला. भावाचा पत्ता आकाशकंदिलाच्या कागदासारखा उजळला.

भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मी मान वर केली नाही. सांगायच्या आधी थोडा वेळ काढावा म्हणून मी चित्रावरून भिंग फिरवत राहिले. लाट, शेपूट, पंख. आणि पंखाच्या टोकाशी माझा हात थांबला.

तिथे निळ्यात एक पांढुरकी कोर होती. नख कापल्यावर पडते तेवढी. तिच्या पोटाशी दोन ठिपके, एक मोठा, एक लहान. नुसत्या डोळ्यांना ती पाण्यावरची चमक वाटली असती.

ती कोर मी ओळखत होते. तीन महिने रोज बघत होते.

आमच्या मशीनमध्ये चार रंगांना चार रबरी चादरी असतात. ब्लँकेट म्हणतात. शाई आधी त्या रबरावर उतरते आणि रबरावरून कागदावर. निळ्या रंगाच्या रबरावर कधीतरी दुमडलेला पुठ्ठा जाऊन खोक पडली होती. तिथे निळा उठायचा नाही. आम्ही तेव्हा भेंडीच्या बियाण्याची खोकी छापत होतो. हिरव्या भेंडीवर त्या जागी निळा न पडल्याने पिवळी कोर यायची, पोटाशी दोन ठिपके. मी ती पहिल्याच दिवशी मशीनवाल्या मामांना दाखवली होती. ते म्हणाले होते, "डिंकाच्या पट्टीखाली जाऊन राह्यलं गं ते. कोणाला दिसतंय? बदलू पुढच्या हप्त्यात." मामांनीच मला भिंग धरायला शिकवलं होतं. मी त्यांचं ऐकलं आणि दोषाच्या वहीत लिहिलं नाही.

"आक्का?" भाऊ म्हणाला. "काय दिसलं?"

तोंडातून जे आलं ते परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. मी म्हणाले, "नकली हाय. हे बघ, इथं छपाईचा डागसुद्धा हाय."

त्याने भिंग घेतलं, डाग बघितला, परत परत बघितला. रडला नाही, चिडला नाही. भिंगावर मोबाइल टेकवून त्याने त्या डागाचा फोटो काढला. मी तेव्हा आमच्या छापखान्याचाच विचार करत होते, त्यामुळे तो फोटो काढतोय हे दिसूनही मला काही वाटलं नाही. तो न जेवता गेला.

सोमवारी सकाळी शेअर रिक्षातून जाताना मी स्वतःला समजावत होते. रबराला खोक कुठेही पडते. जगात काय एकच छापखाना आहे? पण कामाची पाळी सुरू झाली, पहिला ताव उचलला आणि भिंग लावलं. तीच कोर, तेच दोन ठिपके, त्यातला वरचा मोठा.

मामा मशीनच्या पायरीवर उभे होते. साठीला आलेले, वाटूरचे, कानावर पेन्सिल. छापखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझ्या नवऱ्याचा हात रोलिंग मिलमध्ये भाजला आणि तो सहा महिने घरी बसला, पदरात दोन लहान पोरी, तेव्हा या मामांनीच मला इथे लावून घेतलं होतं.

"मामा," मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल मशीन चालू व्हती का?"

"न्हाई. सर्व्हिसिंग व्हतं." त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं आणि चिंधीने हात पुसत राहिले. हात आधीच स्वच्छ होते.

जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बाया शेडच्या सावलीत बसल्या. मी डबा उघडलाच नाही. मागच्या बाजूला रद्दी बांधून ठेवलेली असते, तिकडे गेले. छापायला सुरुवात करताना रंग जुळवण्यासाठी मशीनवाले नवा पुठ्ठा वापरत नाहीत. आधीच वाया गेलेले ताव परत घालतात. त्यामुळे एका तावावर दोन-दोन, तीन-तीन छपाया एकमेकींवर चढलेल्या असतात. मला काय शोधायचंय ते मला नीट ठाऊक होतं, आणि ते सापडू नये असंही वाटत होतं.

तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं. भेंडीच्या खोक्याचा ताव, आणि भेंड्यांवर ओळीने छापलेले निळे मासे. एका माशाच्या पंखावर कोर होती. तिच्या खालून भेंडीवरचीही कोर डोकावत होती, केसभर सरकलेली. दोन्ही एकाच रबराच्या.

आजूबाजूला कोणी नव्हतं. पुठ्ठा कापायचं ब्लेड आमच्या सगळ्यांच्या एप्रनमध्ये असायचंच. मी तेवढा तुकडा कापला, तळहाताच्या दुप्पट, आणि निऱ्यांच्या आत पोटाला लावून खोचला. का घेतला, तेव्हा सांगता आलं नसतं. पोलिसांचा विचार मनात नव्हता. एवढंच वाटलं, की उद्या हे इथे नसेल आणि मग मलाच वाटेल की मला भास झाला.

सुट्टीनंतरचे चार तास मी कशी उभी राहिले ते माझं मला माहीत. वाकलं की पुठ्ठ्याचं टोक बरगडीखाली रुतायचं. सहा वाजता गेटवर वॉचमन बायांच्या पिशव्या बघत होता. रोजच बघतो. त्या दिवशी त्याने माझा डबा उचलून हलवला आणि म्हणाला, "आज डबा भरल्यालाच? तब्येत बरी न्हाई का?"

"उपास हाय," मी म्हणाले. सोमवार होता म्हणून खपून गेलं.

घरी येऊन तुकडा धान्याच्या कोठीमागे सरकवला आणि भावाला फोन केला. त्याचा आवाज कालच्यापेक्षा मोकळा होता.

"आक्का, तू तर कमाल केली! तो फोटो मी ग्रुपवर टाकला. चार जणांच्या पत्त्यावर तोच डाग निघाला. सगळे मला धन्यवाद देऊन राह्यले."

"काढून टाक तो," मी म्हणाले.

"का बरं?"

"काढ म्हणते ना!"

"आता काय काढून उपयोग, सगळ्यांनी बघितला. एकाने तर वेगळा मेसेज करून विचारलं, हे तुम्हाला कोणी दाखवलं म्हणून."

"मंग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, माझी बहीण छापखान्यात हाय, जालन्यात."

मी खाली बसले. तो "हॅलो, हॅलो" करत होता. मेसेज करणारा कोण होता, हे मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. फोटो नाही, नाव नाही, उत्तर मिळाल्यावर तो माणूस ग्रुपमधून निघूनही गेला होता. मी भावाला तेव्हाही खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो तडक पोलिसांत गेला असता, आणि पोलीस पहिल्यांदा मलाच विचारणार, की बाई, तीन महिने हा डाग तुमच्या डोळ्यांसमोर होता, तुम्ही काय केलं?

मंगळवारी मी कामावर गेले तेव्हा निळ्या रंगाच्या जागी नवं ब्लँकेट चढलं होतं. भेंडी हिरवीगार, डाग नाही. मागे जाऊन बघितलं. रद्दीचे सगळे गठ्ठे उचललेले, जागा झाडलेली. रद्दी महिन्याच्या शेवटी जाते, महिन्याच्या मध्ये कधी गेलेली मी पाहिली नव्हती.

अकरा वाजता शेठनी केबिनमध्ये बोलावलं. बारा वर्षांत मी त्या केबिनमध्ये फक्त दिवाळीचा बोनस घ्यायला गेले होते.

"बसा ताई." त्यांच्यासमोर भेंडीचं जुनं खोकं उघडून सपाट ठेवलेलं होतं. पिवळ्या कोरीपाशी पेनने गोल केलेला. "हा डाग तुम्ही कधीपासून बघताय?"

खोटं बोलायचं ठरवून गेले होते, पण खोकं समोर बघितल्यावर जमेना. "तीन महिने झाले, शेठ."

"वहीत लिहिलाय?"

"न्हाई."

"का नाही लिहिला?"

"मामा म्हणाले, पट्टीखाली जातोय, चालतंय."

मला वाटलं, आता शेठ ओरडतील, पगार कापतील. उलट त्यांचे खांदे सैल पडले. तेव्हा मला कळलं, की डाग का लिहिला नाही हे त्यांना विचारायचंच नव्हतं. तो कुठे लिहिलेला नाही ना, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मी कामात जी हयगय केली होती तिच्यावर ते खूश झाले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. मी उठले. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "तुमचा भाऊ बँकेत आहे ना? नवीन जालन्यात?"

"हो."

"चांगली नोकरी आहे. सांभाळून राहायला सांगा."

आवाजात धमकी नव्हती. आपुलकीनेच बोलले, असं कोणालाही वाटलं असतं. पण मी त्यांना भावाबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी रिक्षात मागच्या सीटवर मी उलटी बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. एमआयडीसीच्या वळणापासून एक मोटारसायकल मागे लागली. हेल्मेट, तोंडाला रुमाल. रिक्षा थांबली की ती लांबवर थांबायची. बुधवारी परत तीच गाडी. मी एक थांबा आधी उतरून किराणा दुकानात शिरले आणि नको असलेली साखर घेतली. बाहेर आले तेव्हा गाडी नव्हती. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, मिलची पाळी सुटते तेव्हा त्या रस्त्याला शंभर गाड्या असतात. बरोबरच होतं ते. तरी रात्री त्याने कडी लावल्यावर मी उठून परत बघितली.

गुरुवारी ती गाडी पुन्हा दिसली. रिक्षातल्या बाकीच्या बाया उतरून गेल्या होत्या. मी ड्रायव्हरला म्हटलं, थेट स्टेशनवर घे. तिथे गर्दी असते, हमाल, रिक्षावाले, उसाच्या रसाची दुकानं. मी उतरले आणि पळायच्या ऐवजी तिथेच उभी राहिले. गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. माणसाने हेल्मेट काढलं, रुमाल खाली केला.

मामा होते.

"किती पळवशील गं?" ते म्हणाले. "तीन दिस झाले, बोलावं म्हणून मागं मागं येऊन राह्यलो. हिंमतच होईना."

आम्ही चहाच्या टपरीमागे बाकड्यावर बसलो. त्यांनी कप घेतला तो दोन्ही हातांनी. मशीनवर हजार तावांतला एक वाकडा ताव चालता चालता उपटणारे ते हात होते. आता चहा बशीत सांडत होता.

"तू ते कापून नेलंस ना?" त्यांनी विचारलं. "तावाला भोक दिसलं मला. चौकोनी. तुझ्याच हातचं कटिंग."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मी कोणाला सांगितलं न्हाई. तो ताव मीच फाडून टाकला." मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत. एक माणूस छपाईच्या तयार प्लेटा घेऊन आला होता. शेठनी सांगितलं, पोरांच्या चिप्सच्या पाकिटात फुकट टाकायचे पत्ते आहेत, रविवारी छापून द्या, बिल-बिल नको. तीन रविवार छापले. दुसऱ्या रविवारी त्या माणसाने एक पत्ता उचलून प्लास्टिकच्या डबीत घातला आणि उजेडाला धरून बघितला, तेव्हा मामांना शंका आली होती. चिप्सच्या पाकिटातला पत्ता कोणी डबीत घालत नाही.

"मंग तिसऱ्या रविवारी का छापलं?" मी विचारलं.

त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "भ्यालो," म्हणाले. "न्हाई म्हणालो तर या वयात कोण मशीन देईल मला? आणि आता तुझं भ्या वाटून राह्यलं. सोमवारी तू विचारलंस ना, मशीन चालू व्हती का, तवापासून झोप न्हाई."

बारा वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर मी ताव पास केले, तो माणूस मला भीत होता. मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट तेव्हा पहिल्यांदा मला खरंखुरं एकटं वाटलं. मोठं माणूस म्हणून ज्यांच्यामागे उभं राहावं ते माझ्याच मागे उभे होते.

"काय करायचं मामा?"

"गप बसायचं. रबर बदललं, रद्दी गेली. संपलं."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी गप्प बसणारच होते. तो तुकडा जाळून टाकायचा, हेही ठरवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ आला. तो आता नाराज नव्हता, उलट उत्साहात होता. ग्रुपवर मोठी चर्चा चालली होती. "आक्का, तुझ्यामुळं लई जणांचा जीव भांड्यात पडला बघ. ज्यांच्या पत्त्यावर डाग न्हाई ते खूश. एकाने तर, डाग नाही म्हणजे खरा, असं म्हणून कालच एक घेतला. अकोल्याचा शिक्षक हाय. पोरीच्या वाढदिवसाला घेतला म्हणे."

मी पोळी लाटत होते. हात थांबला.

एका तावावर अठरा पत्ते. खोक एकाच जागी. म्हणजे अठरातल्या एकावरच कोर येणार, बाकीचे सतरा त्याच शाईचे, त्याच पुठ्ठ्याचे, तितकेच खोटे आणि डागाशिवाय. मी बोटाने दाखवलेला तो डाग आता सतरा खोट्यांना खरं ठरवत होता. लोक माझ्या नावावर, "जालन्याच्या छापखान्यातल्या बाई"च्या शब्दावर ते विकत घेत होते.

मी गॅस बंद केला. कोठीमागून तुकडा काढला आणि भावासमोर ठेवला. त्याने आधी भेंड्या बघितल्या, मग मासे, मग माझ्याकडे बघितलं.

"हे कुठलं?"

"आमच्या मशीनचं."

सांगायला अर्धा तास लागला. तो आधी रागावला. "रविवारीच का न्हाई सांगितलं? मी येडा, सगळ्यांना सांगत फिरलो!" मग शेठनी त्याची बँक विचारली, हे ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे जे आलं ते माझ्या ओळखीचं होतं. पाच दिवस मी आरशात तेच बघत होते.

"तुझी नोकरी जाईल, आक्का."

"जाईल."

"जाऊ दे मंग. मी ग्रुपवर काही बोलत न्हाई. माझे पैसे गेले ते गेले."

"आणि तो शिक्षक?"

त्याने खिशातून फोन काढला. पोळ्या तशाच राहिल्या. त्याने ग्रुपवर लिहिलं, की डाग नसला तरी पत्ता नकली असू शकतो, अक्षरं बघा, उजेडाला धरा. खाली लिहिलं, उद्या सविस्तर सांगतो. मग फोन बंद करून तो आमच्याकडेच झोपला. माझ्यासाठी थांबला, की एकट्याने खोलीवर जायची त्यालाच भीती वाटत होती, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो. त्या पाऊण तासात मी तीनदा उठून घरी जायला निघाले, तिन्ही वेळा भावाने काही न बोलता नुसता माझ्या पदराचा काठ धरला. आत एका तरुण अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पत्ता काय, खेळ काय, त्यांना सुरुवातीला काहीच समजेना. मग मी त्यांच्या टेबलावर दोन्ही पत्ते ठेवले, तो तुकडा ठेवला आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या.

"डाग तुम्हाला आधीपासून माहीत होता?" त्यांनी वर बघून विचारलं. ज्या प्रश्नाला मी आठवडाभर भीत होते तोच.

"व्हय. लिहून ठेवायला पाहिजे व्हता. न्हाई ठेवला. माझी चूक हाय."

त्यांनी तेही लिहून घेतलं. माझी सही घेतली. सहीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

पुढे जे झालं ते मी मनात रंगवलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. छापखान्यात पोलीस येऊन गेले. मशीन काही दिवस बंद होतं, मग चालू झालं. शेठनी सांगितलं, बाहेरच्या पार्टीचं काम होतं, आपल्याला काय माहीत. प्लेटा आणणारा माणूस सापडला नाही. त्याचा फोन नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर होता. मामांना बोलावलं तेव्हा त्यांनी तीन रविवारांची गोष्ट जशी मला सांगितली तशीच तिथे सांगितली, हे मला नंतर कळलं. त्यांना मी सांगितलं नव्हतं, विनवलं नव्हतं. भावाला पैसे परत मिळाले नाहीत. अकोल्याच्या शिक्षकाने त्याला एकदा फोन केला आणि पहिली दहा मिनिटं नुसताच शिव्या देत राहिला. भावाने ऐकून घेतल्या.

मला कोणी कामावरून काढलं नाही. मीच गेले नाही. आता मी एका बियाणे कंपनीत पॅकिंगला आहे. काम सोपं आहे, भिंग लागत नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही. वाजू देते, बंद झाल्यावर नंबर भावाला पाठवते. बहुतेक वेळा कर्ज देणाऱ्या कंपनीचा असतो. एकदा रिक्षात समोर बसलेला माणूस माझ्याकडे टक लावून बघतोय असं वाटलं. मी रुमालाने घाम पुसत राहिले आणि उतरताना त्याने विचारलं, "ताई, तुम्ही दवाखान्यात नर्स होतात का?"

मामा मशीन सोडून वाटूरला परत गेले. गेल्या उन्हाळ्यात मी परतूरहून एका लग्नावरून येत होते, वाटूर फाट्यावर बस थांबली तर ते खाली उभे. अंगाने निम्मे झालेले. मला खिडकीत बघितलं आणि ते बसकडे चालायला लागले. काय बोलतील, काय म्हणतील, चार लोकांसमोर काही बोलले तर काय उत्तर द्यायचं?

ते खिडकीखाली येऊन उभे राहिले. "पोरी बऱ्या हायेत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या हायेत. तुमची तब्येत?"

"साखर निघाली."

"गोळ्या घेता ना?"

"घेतो की."

कंडक्टरने घंटी दिली. मामांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, ड्रायव्हरला चल म्हणतात तशी, आणि बाजूला सरकले.